मोटारगाडीतील इशारादर्शक दिवे आणि प्रवाशांची सुरक्षितता

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याभोवती पुढे एक मोठे औद्योगिक नगर वसले आणि हजारो कुटुंबांचे जीवन भट्टीच्या पाळ्यांशी जोडले गेले. झोतभट्टीच्या पोटात काय चालले आहे, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येत नाही. आतील उष्णता, वायूचा दाब, भट्टीची भिंत थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह हे सारे मापकयंत्रांच्या काट्यांवरून, दिव्यांवरून आणि घंटांवरून जाणून घ्यावे लागते. म्हणूनच नियंत्रण कक्षातील तांबडा दिवा लागला की हातातील काम बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहावयाचे, ही शिस्त अशा कारखान्यात पहिल्या दिवसापासून शिकवली जाते.

या शिस्तीमागे कठोर अनुभव आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो श्वासातून शरीरात गेल्याचे माणसाला कळत नाही; कळू लागते तेव्हा पाय उचलण्याचीही शक्ती उरलेली नसते. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात या वायूच्या गळतीने सहा जणांचा मृत्यू झाला. जेथे मनुष्याची ज्ञानेंद्रिये अपुरी पडतात तेथे यंत्राने सूचना द्यावी आणि मनुष्याने ती ऐकावी, हा नियम किती मोलाचा आहे हे अशा प्रसंगी ध्यानात येते.

हाच नियम मोटारगाडीलाही लागू पडतो. धावत्या इंजिनातील वंगणाचा दाब चालकाला दिसत नाही. चाकाशेजारच्या नळीतून ब्रेकचे द्रव ठिबकत असेल तर त्याचा आवाज येत नाही. एअरबॅगच्या जोडणीतील एखादी तार सुटली असेल तर गाडीच्या चालण्यात तिळमात्र फरक पडत नाही. या अदृश्य गोष्टी दाखविण्यासाठी चालकासमोरच्या फलकावर, म्हणजे डॅशबोर्डवर, लहान लहान दिवे बसविलेले असतात. तथापि कारखान्यात तांबड्या दिव्यापुढे सावध होणारा मनुष्य स्वतःच्या मोटारीत बसला की तोच रंग पाहून न पाहिल्यासारखे करतो, असा अनुभव अनेकदा येतो. असे का होते आणि त्याचे परिणाम काय होतात, हे समजण्यासाठी या दिव्यांची भाषा प्रथम शिकून घेतली पाहिजे.

दिव्यांची संख्या का वाढली

भारतीय रस्त्यांवर अनेक दशके ज्यांचे राज्य होते त्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या डॅशबोर्डवर मोजकेच दिवे असत. वंगणाचा दाब, बॅटरीचे भारण आणि समोरच्या दिव्यांचा लांबवरचा झोत एवढ्यांचीच वर्दी त्यांतून मिळे. उरलेले काम चालकाचे कान, नाक आणि तळपाय करीत. इंजिनाचा आवाज बदलला, रबर जळल्याचा वास आला किंवा ब्रेकचा पेडल खोल गेला की जाणता चालक गाडी बाजूला घेई. बोनेट उघडताच बहुतेक दोष डोळ्यांना दिसत.

पुढील काळात गाडीच्या रचनेत मूलभूत बदल झाला. इंधन किती सोडावयाचे, ठिणगी केव्हा पाडावयाची, ब्रेक किती दाबावयाचा याचे निर्णय विद्युत्-यंत्रणा घेऊ लागली. प्रदूषण मानकांमुळे इंजिनाने स्वतःची तपासणी करून दोष नोंदविणे आवश्यक झाले. अशा गाडीचे बोनेट उघडून पाहिले तरी दोष दिसत नाही. परिणामी पूर्वी जे काम कान आणि नाक करीत ते आता दिव्यांवर आले. दिव्यांची संख्या वाढली ती चालकाला भिवविण्यासाठी नव्हे, तर त्याच्या इंद्रियांची उणीव भरून काढण्यासाठी होय.

या दिव्यांची चिन्हे आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरविलेली आहेत. त्यामुळे वंगणाची झारी, बॅटरीची पेटी किंवा पट्टा बांधलेला मनुष्य ही चित्रे बहुतेक सर्व गाड्यांत सारखीच आढळतात आणि ती समजण्यासाठी कोणतीही विशिष्ट भाषा यावी लागत नाही. रंगांचा अर्थही ठरलेला आहे. तांबडा रंग धोका दाखवितो. पिवळा रंग दोषाची सूचना देतो. हिरवा आणि निळा रंग एखादी गोष्ट चालू असल्याचे केवळ सांगतो. उदाहरणार्थ, निळा दिवा समोरच्या दिव्यांचा लांबवरचा झोत चालू असल्याचे दर्शवितो.

किल्ली फिरविल्यानंतरचे काही क्षण

उदाहरणादाखल भिलाईहून नागपूरला जाणाऱ्या एका कुटुंबाचा प्रवास डोळ्यांसमोर आणता येईल. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि या दोन भागांतील ये-जा तेव्हापासूनची आहे. पूर्वी सहा क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा असलेला राष्ट्रीय महामार्ग दुर्गपाशी शिवनाथ नदी ओलांडतो, राजनांदगाव मागे टाकून बागनदीजवळ महाराष्ट्राच्या सीमेवर येतो आणि देवरी, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूर गाठतो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे आहे. वाटेत जंगलाचा भाग आहे, जड मालमोटारींची वर्दळ आहे आणि उन्हाळ्यात विदर्भाचे कडक ऊनही आहे.

प्रवासाचा पहिला धडा गाडी हलण्यापूर्वीच मिळतो. किल्ली फिरविली, पण इंजिन अजून सुरू केले नाही, अशा वेळी डॅशबोर्डवरील बहुतेक इशारादर्शक दिवे एकदम लागतात. अनेकांना ही शोभा वाटते. वस्तुतः ती दिव्यांची हजेरी असते. आपण जागे आहोत हे प्रत्येक दिवा या क्षणी सांगत असतो. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझतो, वंगणाचा आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझतो. जो दिवा विझावयास हवा तो विझला नाही तर दोष आहे, हे कोणालाही समजते. परंतु जो दिवा लागावयास हवा तो लागलाच नाही तर तोही दोषच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर या क्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. एअरबॅगचा दिवा हजेरीच्या वेळी लागत नसेल, तर तो दोष झाकण्यासाठी कोणी मुद्दाम बंद केलेला असण्याचा संभव असतो.

तांबडे दिवे

चालत्या गाडीत तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावयाची, असा सर्वसाधारण नियम आहे. यांतील चार दिवे प्रत्येकाला माहीत असावेत.

पहिला वंगणाच्या झारीचा. हा दिवा वंगण किती आहे हे सांगत नाही, त्याचा दाब किती आहे हे सांगतो. इंजिनातील दांडा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतो आणि त्याच्या व धारव्याच्या मध्ये वंगणाचा एक पातळ थर असतो. दाब नाहीसा झाला की हा थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. अशा स्थितीत पुढच्या गावापर्यंत गाडी रेटणे म्हणजे इंजिन गमावणे होय. गाडी थांबवून इंजिन तत्काळ बंद करावे. थोड्या वेळाने पट्टी काढून वंगणाची पातळी पाहावी आणि वंगण भरूनही दिवा विझत नसेल तर गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

दुसरा दिवा उष्णतामापकाचा. साकोली-भंडारा भागात मे महिन्याच्या दुपारी तो अनेकांना भेटतो. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते, त्यामुळे शंभर अंशांपलीकडे तापूनही ते उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. ढाब्यावर थांबून घाईने झाकण फिरविणाऱ्यांचे हात आणि चेहरे असेच भाजतात. इंजिन बंद करून ते पुरते थंड होईपर्यंत वाट पाहणे, एवढाच यावर उपाय आहे.

तिसरा बॅटरीच्या पेटीचा. तो लागला म्हणजे बॅटरी संपली असे नव्हे, तर अल्टरनेटर तिला वीज पुरवीत नाही, असा त्याचा अर्थ. गाडी काही काळ बॅटरीच्या साठ्यावर चालेल. पण रात्री दिवे, पंखा आणि वातानुकूलन चालू असताना हा साठा लवकर संपतो आणि जंगलाच्या भागात गाडी अंधारात उभी राहते. काही गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. तेथे पट्टा तुटला तर बॅटरीच्या दिव्यामागोमाग उष्णतेचा दिवाही लागतो.

चौथा दिवा वर्तुळातील उद्गारचिन्हाचा, म्हणजे ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला राहिला तरी तो लागतो. म्हणून प्रथम ते पाहावे. हँडब्रेक सोडूनही तो तसाच राहिला तर ब्रेकच्या द्रवाची पातळी घटली आहे असे समजावे. पातळी घटण्याचे कारण झिजलेले ब्रेक असू शकते, तसेच फुटलेली नळीही असू शकते. गाडीत बसून या दोहोंतील फरक ओळखता येत नाही. पेडल मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नये.

पिवळे दिवे

पिवळ्या दिव्याचा अर्थ असा की दोष आहे, पण चालकाला थोडा अवधी मिळाला आहे. हा अवधी गॅरेजपर्यंत जाण्यासाठी असतो. आठवडेच्या आठवडे फिरण्यासाठी नसतो. दिवा रोज दिसू लागला की डोळा त्याला सरावतो आणि एके दिवशी शेजारी दुसरा दिवा लागला तरी तो जाणवत नाही. पिवळ्या दिव्याचा खरा धोका या सरावात आहे.

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी बेताने चालवीत मेकॅनिककडे न्यावी. तो लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि न जळालेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणाला जाळून टाकीत आहे, असे समजून वेग तत्काळ कमी करावा. टायरच्या छेदात उद्गारचिन्ह असलेला दिवा हवेचा दाब उतरल्याचे सांगतो. कमी हवेचा टायर वळताना अधिक दबतो, आतून तापतो आणि उन्हाने पोळलेल्या रस्त्यावर वेगात असताना फुटतो.

ए.बी.एस. ही अक्षरे असलेला दिवा पुष्कळदा चुकीचा समजला जातो. तो लागल्याने ब्रेक गेलेले नसतात. ब्रेक जोराने दाबला असता चाके जागीच अडकून गाडी घसरू नये म्हणून ही यंत्रणा सेकंदात अनेकदा दाब सोडते व पुन्हा देते. ती असताना चालक ब्रेक दाबून धरीत गाडी वळवूही शकतो. दिवा लागला असेल तर ब्रेक लागतील, पण चाके अडकण्याचा संभव राहील. यास्तव पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवावे, आणि पावसाळ्यात तर ते दुपटीने वाढवावे. मात्र ए.बी.एस. आणि ब्रेक हे दोन्ही दिवे एकाच वेळी लागले तर गाडी थांबविणेच इष्ट होय.

पट्टा काय करतो

आतापर्यंतचे दिवे गाडीविषयी सांगत होते. यापुढील दोन दिवे गाडीतील माणसांविषयी सांगतात.

ज्या १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटली, त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या गाड्यांत तीन बिंदूंवर बांधला जाणारा सुरक्षापट्टा बसविला जाऊ लागला. नील्स बोहलिन हा त्याचा निर्माता अभियंता. विमानात आपत्काळी वैमानिकाला आसनासह बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर त्याने पूर्वी काम केले होते. एका हाताने सहज बांधता येईल आणि छाती व कंबर या शरीराच्या बळकट भागांवरच ताण घेईल, असा पट्टा त्याने आखला. कंपनीने ही रचना इतर उत्पादकांनाही वापरू दिली. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे केले.

पट्ट्याचे कार्य साध्या गणिताने समजू शकते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर तोडते. या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, अर्थात तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. गाडीचा पुढील भाग मुद्दाम असा केलेला असतो की तो चेपला जावा. समजा तो ६० सेंटिमीटर चेपला आणि तेवढ्या अंतरात गाडी थांबली. पट्ट्याने आसनाशी बांधलेला मनुष्यही गाडीबरोबर त्याच अंतरात थांबतो. त्याच्यावर वजनाच्या सुमारे १६ पट बल येते. हे बल मोठे आहे, पण बळकट हाडांवर विभागले गेल्यास निरोगी शरीर ते सहन करू शकते.

पट्टा न बांधलेल्या माणसाला या ६० सेंटिमीटरांचा काहीच लाभ होत नाही. गाडी थांबत असताना तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि थांबलेल्या डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळतो. तेथे त्याचे शरीर अवघ्या पाच सेंटिमीटरांत थांबले तर त्याच्यावर वजनाच्या दोनशे पटींच्या आसपास बल येते. हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून हे बल थोपविता येईल, ही समजूत किती निराधार आहे हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

पट्टा बांधण्याचीही रीत आहे. खालचा भाग पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. तो काखेखालून घेऊ नये. गर्भवती स्त्रीनेही पट्टा बांधावा. खालचा भाग पोटाच्या उंचवट्याखाली आणि वरचा भाग दोन स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने न्यावा.

एअरबॅग पट्ट्याची जागा घेत नाही

एअरबॅग असलेल्या गाडीत पट्टा नसला तरी चालतो, असा एक समज रूढ आहे. तो घातक आहे. धडक होताच संवेदक वेगातील अचानक घट ओळखतो, स्फोटक द्रव्य पेटते आणि सुमारे ३० सहस्रांश सेकंदांत पिशवी वायूने भरते. पापणी लवण्यास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ही पिशवी उशीप्रमाणे हळुवार फुगत नाही. ती आघातासारखी बाहेर येते. पट्टा बांधलेला मनुष्य तिच्यापासून योग्य अंतरावर राहतो आणि ती पुरती फुगल्यावर तिच्यावर टेकतो. पट्टा न बांधलेला मनुष्य ब्रेक लागताच पुढे सरकलेला असतो आणि फुगणाऱ्या पिशवीचा आघात त्याच्या मानेवर किंवा चेहऱ्यावर बसतो. म्हणूनच या यंत्रणेच्या नावातच ती पूरक असल्याचे म्हटलेले आहे.

बसलेल्या माणसासमोर फुगा दाखविणारा दिवा प्रवासात लागून राहिला तर एअरबॅग अपघातात उघडेलच याची शाश्वती नसते. गाडी नेहमीसारखीच चालत असल्याने या दिव्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. जी वस्तू आयुष्यात एकदाच उपयोगी पडावयाची, ती चालू आहे की नाही हे सांगणारे दुसरे कोणतेही साधन चालकाकडे नसते, हे येथे विसरता कामा नये.

मागील आसन

पट्ट्याविषयी एवढे ज्ञान झाल्यानंतरही एक जागा सुटून जाते. ती म्हणजे मागील आसन. पुढे बसलेला चालक पोलिसांच्या धाकाने का होईना पट्टा बांधतो. मागे बसलेले आजी-आजोबा, पाहुणे आणि मुले मात्र मोकळीच असतात. पुढच्या आसनाची पाठ आपले रक्षण करील, असे त्यांना वाटते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक मोटार आदळली. मागील आसनावर बसलेले टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागील दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती आणि तिच्यात सुरक्षेची आधुनिक साधने होती. एका अपघातावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. तथापि मागील आसन हे आपोआप सुरक्षित असते या समजुतीविषयी देशभर गंभीर चर्चा झाली ती या घटनेनंतर.

आकडेवारीही हेच सांगते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. पट्टा न बांधलेले १६,७१५ जण त्यांत होते. यांपैकी ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी होते. म्हणजे पट्ट्यावाचून प्राण गमावणाऱ्यांत जवळजवळ निम्मे प्रवासी होते. शिवाय मागे मोकळा बसलेला मनुष्य केवळ स्वतःलाच धोक्यात घालीत नाही. धडकेच्या क्षणी त्याचे शरीर पुढच्या आसनावर फेकले जाते आणि तेथे पट्टा बांधून बसलेल्या माणसाला चिरडू शकते.

लहान मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आईच्या मांडीवरील मूल सर्वांत सुरक्षित, ही भावना स्वाभाविक आहे. पण वरील गणित तिला आधार देत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत दहा किलो वजनाच्या बालकाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १६० किलो वजन पेलण्याइतके बळ, तेही क्षणार्धात, लागते. कोणत्याही आईच्या बाहूंत ते नसते. यासाठी मुलाच्या वयाला व उंचीला अनुरूप असे बालआसन मागील बाजूस बसवावे. तान्ह्या मुलाचे आसन मागे तोंड करून ठेवावे, आणि जेथे समोरील एअरबॅग चालू आहे अशा पुढील आसनावर ते कधीही ठेवू नये.

कायदा आणि त्याला फसविणारी पट्टी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १३८ व्या नियमानुसार पुढील आसनांप्रमाणेच, पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा बांधणे आवश्यक आहे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यासही तेवढाच दंड ठरविला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग, चालक व त्याच्या शेजाऱ्यासाठी पट्ट्याची आठवण देणारी घंटा, ताशी ८० किलोमीटरांपुढे थांबून थांबून आणि १२० पुढे सतत वाजणारी वेगाची सूचना, तसेच मागे घेताना अडथळा कळविणारे संवेदक अनिवार्य झाले. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्यांत आणि मानकांच्या कामात अग्रेसर आहे. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना धडक-चाचणीवरून तारे देणारी भारत एनकॅप ही योजनाही सुरू झाली.

२०१९ च्या घंटेच्या नियमात मागील आसन मात्र नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघरच्या अपघातानंतर थोड्याच दिवसांत, मागील आसनांसाठीही ती असावी असा मसुदा सरकारने प्रसिद्ध केला.

परंतु घंटा बसविणाऱ्यांपेक्षा ती बंद करणारेही कमी तत्पर नव्हते. पट्ट्याच्या खाचेत खुपसण्याची धातूची एक छोटी पट्टी बाजारात मिळू लागली. ती बसविली की पट्टा बांधला आहे असे गाडीला वाटते, दिवा विझतो आणि घंटा थांबते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढून अशा वस्तूंच्या १३,११८ नोंदी काढून टाकावयास लावल्या. काही रुपयांची ही पट्टी यंत्राला खोटे बोलावयास लावते. कारखान्यात वायुमापकाची घंटा त्रास देते म्हणून तिच्यावर कोणी चिंधी बांधली तर त्याला क्षमा होणार नाही. मोटारीतील या पट्टीचे कार्य त्याहून निराळे नाही.

उपसंहार

भिलाईहून निघालेले कुटुंब नागपूरला पोहोचेपर्यंत त्याच्या डॅशबोर्डवर कदाचित एकही तांबडा दिवा लागणार नाही. बहुतेक प्रवास असेच निर्विघ्न पार पडतात आणि त्यामुळेच दक्षता निरर्थक वाटू लागते. परंतु निघण्यापूर्वी दिव्यांची हजेरी घेण्यास काही सेकंद लागतात. पाच जणांनी पट्टे बांधण्यास अर्धा मिनिट पुरतो. गाडीत सर्वांत वडील असलेल्या माणसाने मागे वळून प्रत्येकाचा पट्टा पाहावा आणि तोपर्यंत चालकाने गिअर टाकू नये, अशी प्रथा घरात एकदा पडली की मुले ती पुढे आपोआप पाळतात.

यंत्र दोष ओळखू शकते, दिवा लावू शकते आणि घंटा वाजवू शकते. गाडी बाजूला घेणे, इंजिन बंद करणे आणि पट्ट्याचे टोक खाचेत अडकविणे हे मात्र माणसालाच करावे लागते. पाळी संपवून कारखान्याच्या दाराबाहेर पडणाऱ्या कामगाराने आतली शिस्त दारातच ठेवून येऊ नये. घरी वाट पाहणाऱ्यांना मोटारीतून नेताना तिची गरज तितकीच असते.